ऑफिसात रात्र काढायची वेळ आली तर: कामाच्या जागी ठेवायची पिशवी

अर्जुनाकाठ | २४ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मृग लागायला दोन आठवडे राहिलेत म्हणून आत्ताच विचारते. एकदा पाऊस सुरू झाला की ही कामं राहूनच जातात.

मी राजापुरात एका पतसंस्थेत नोकरीला आहे. ऑफिस बाजारपेठेत पहिल्या मजल्यावर, घर खाडीच्या अंगाच्या गावात, एसटीने पाऊण तास. राजापूरकरांना सांगायला नको, अर्जुना आणि कोदवली फुगल्या की पाणी जवाहर चौकात येतं. खालचे दुकानदार माल माळ्यावर चढवायला लागले की आम्ही समजतो.

तीन वर्षांपूर्वी जुलैत एक दिवस दुपारी तीनलाच चौकात पाणी आलं. दिवसाचा हिशेब बंद केल्याशिवाय निघू नका, असा वरून निरोप होता. साडेपाचला खाली उतरलो तर जिन्याच्या चार पायऱ्या पाण्यात. पाचव्या पायरीवर उभी होते, तर पाण्याची ओढ साडीचा काठ खेचत होती. सातजण होतो, चार बायका आणि तीन पुरुष. परत वर गेलो ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला खाली आलो.

लाईट आधीच बंद केली होती, ते योग्यच होतं. टॉर्च होती, पण सेल वर्षभर आतच राहिलेले. झाकण उघडलं तर सेल फुटून स्प्रिंगवर पांढरी-हिरवी पूड जमलेली. प्रथमोपचार पेटी भिंतीवर होती, तिला कुलूप, आणि किल्ली शिपाईदादांकडे. ते दुपारच्या गाडीने घरी गेलेले. शेवटी स्क्रू ड्रायव्हरने कडी उचकटली. आत चिकटपट्ट्यांचा गोंद वितळून कागदाला बसलेला, आयोडीनची बाटली कोरडी ठणठणीत, गोळ्यांची मुदत संपलेली.

आमच्यातल्या एक ताई इन्शुलिन घेतात. दुपारी घेतलेलं, आणि त्यानंतर पोटात दोन बिस्किटांपलीकडे काही नाही. रात्री एकच्या सुमाराला त्या एकदम गप्प झाल्या. मग हात थरथरायला लागले, कपाळावर आणि मानेवर घामाच्या धारा. मोबाईलच्या उजेडात चहाचं सामान धुंडाळलं. साखरेच्या डब्यात तळाला ओलीने घट्ट झालेली साखर होती, ती चमच्याने खरवडून काढली, पाण्यात कालवून घोट घोट दिली. वीसेक मिनिटांनी त्यांनी "किती वाजले गं?" असं विचारलं, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. त्या डब्यात साखर नसती तर काय केलं असतं, हे अजून मनातून जात नाही.

आणि कोणी बोलत नाही ते लिहिते. संडास तळमजल्यावर, म्हणजे पाण्याखाली. एकीला त्याच दिवशी पाळी आलेली. पंधरा तास आम्ही चौघींनी जायला लागू नये म्हणून पाणीसुद्धा घोटभरच प्यायलं. पुरुष मंडळींनी समजून घेऊन मागची रेकॉर्डची खोली आम्हाला दिली, पण तिथे साधी बादलीही नव्हती.

आता नवीन साहेबांनी या कामासाठी अडीच हजार रुपये मंजूर केलेत. आठ माणसांची एक रात्र आणि पुढचा अर्धा दिवस निघावा इतकी तयारी करायची आहे. काय ठेवायचं, कुठे ठेवायचं, आपल्या दमट हवेत काय टिकतं, हे अनुभवी माणसांनी सांगा.

वाशिष्ठी_तीर | २४ मे, रात्री १०:५५

ताई, चांगला धागा. "कुठे ठेवायचं" हे तुम्ही शेवटी विचारलंत, मी ते आधी घेतो.

२२ जुलै २०२१ ला मी चिपळूणच्या बाजारपेठेत एका लॉजवर रात्रपाळीला होतो. आमच्याकडे पिशवी होती. टॉर्च, दोरी, औषधं, सगळं नीट भरलेलं. ती काउंटरखालच्या कपाटात, सगळ्यात खालच्या कप्प्यात. पहाटे अंधारात पाणी आत शिरलं आणि काही मिनिटांत गुडघ्यापर्यंत आलं. प्लायवूडचं दार फुगून चौकटीत बसलं ते निघेना. मी आणि एक पाहुणा दोघांनी ओढलं, मूठ हातात आली. पिशवी तिथेच सोडून वर पळालो. आठ दिवसांनी चिखल काढताना ती मिळाली.

दुसरं, पाण्याची उंची गेल्या पुरावरून धरू नका. आमच्या भिंतीवर २६ जुलै २००५ ची खूण होती, तिच्या वरचं ते सुरक्षित असं आम्ही समजत होतो. २०२१ चं पाणी त्या खुणेच्या कितीतरी वर गेलं. एसटी आगारातल्या अधिकाऱ्यांनी त्या दिवशी रोकड घेऊन बसच्या टपावर तासन्‌तास काढले, हे सगळ्यांनी वाचलं असेल. माणसाला टपावर चढायची वेळ येते तिथे टेबलाचा खण काय कामाचा?

तेव्हा वरच्या मजल्यावर, भिंतीला खुंटी ठोकून, डोक्याच्या उंचीवर, उघडी टांगलेली पिशवी. कुलूप नको. खांद्याला अडकवता येईल अशी सॅक हवी, पेटी नको, कारण दोन्ही हात जिन्याला आणि माणसांना लागतात.

आणि गच्चीची किल्ली! बहुतेक इमारतींत गच्चीला कुलूप असतं आणि किल्ली मालकाकडे. मालक दुसऱ्या आळीत. एक जोडकिल्ली पिशवीला बांधून ठेवा. आम्ही ११ माणसं गच्चीच्या दाराशी उभी होतो आणि कुलूप दगडाने फोडलं.

काजूगर | २५ मे, सकाळी ७:२०

मला थोडं वेगळं वाटतं. सार्वजनिक पिशवी कोणाचीच नसते. पहिल्या वर्षी भरतात, दुसऱ्या वर्षी त्यातली बिस्किटं कोणीतरी चहाबरोबर खातं, तिसऱ्या वर्षी टॉर्च घरी जाते. मी रत्नागिरीत सरकारी कचेरीत आहे, हे डोळ्यांनी बघितलंय. त्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या पर्समध्ये किंवा गाडीच्या डिकीत आपलं सामान ठेवावं. दोन दिवसांच्या स्वतःच्या गोळ्या, छोटी टॉर्च, गूळ-शेंगदाण्याची पुडी, दोनशे-तीनशे रुपये सुटे. बस. रेंज गेली की मोबाईलने पैसे देता येत नाहीत, हे निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या लोकांनी कित्येक दिवस भोगलंय.

अर्जुनाकाठ | २५ मे, सकाळी ८:०५

काजूगर, तुमचं पटतं, पण अर्धंच. आमच्या ताईंच्या पर्समध्ये गोळ्या-इन्शुलिन होतं, साखर नव्हती. बादली कोणी पर्समध्ये ठेवणार नाही. दोन्ही हवं असं दिसतंय. सामान गायब होण्यावर उपाय सांगा, आमच्याकडेही ते होणारच.

सुरंगी | २५ मे, दुपारी २:३०

मी दापोली तालुक्यात आरोग्य विभागात आहे, सव्वीस वर्षं झाली. औषधांचं मी सांगते.

आधी ताईंच्या प्रसंगाबद्दल. तुम्ही केलंत ते अगदी बरोबर केलंत. इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटणं, अचानक चिडचिड किंवा गप्प होणं, असं झालं की साखर उतरली असं धरून चाला. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर अर्धा पेला पाण्यात. पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच. बरं वाटलं की बिस्किट, पोहे, असं काहीतरी पोटाला आधार देणारं. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा. पिशवीत साखर घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि वर मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे अंधारात शोधावी लागणार नाही. इन्शुलिनचं पेन वापरात असेल तर ते साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर चालतं, ऊन आणि उष्णता लागता कामा नये. पाकिटावरची सूचना वाचून घ्या.

ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, छोट्या पुड्या २०० मिलीच्या असतात. पुडीवर वाचूनच कालवा. अंदाजाने एका पेल्यात मोठी पुडी टाकणारे मी खूप पाहिलेत, ते अपायकारक आहे. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कालवलेलं पाणी २४ तासांत संपवा, उरलं तर फेकून द्या.

तापासाठी, अंगदुखीसाठी फक्त पॅरासिटामॉल. बाकी वेदनाशामक गोळ्या या पिशवीत नकोत. आपल्याकडे पावसात येणारा ताप डेंग्यूचा असू शकतो, त्यात अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो.

पुराच्या पाण्यातून चालत गेलेल्यांसाठी लेप्टोचं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचं, सांगितलंच पाहिजे. उंदरांच्या मुतातले जंतू पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांमधून, जखमेतून शरीरात जातात. म्हणून गमबूट, आणि ते नसतील तर निदान जखम झाकायला वॉटरप्रूफ पट्टी. घरी पोचल्यावर साबणाने पाय धुवा. साधारण एक-दोन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना "मी पुराच्या पाण्यात चाललो होतो" हे वाक्य आपणहून सांगा. प्रतिबंधाची डॉक्सिसायक्लिनची गोळी आरोग्य केंद्रात सल्ल्याने मिळते. पिशवीत ठेवून स्वतःच्या मनाने वाटू नका, गरोदर बायकांना आणि लहान मुलांना ती चालत नाही.

आणि ताई, बादलीचं लिहिलंत ते फार बरं केलंत. झाकणाची बादली, काळ्या जाड पिशव्या आणि दोन किलो लाकडाचा भुसा. पिशवी बादलीत घालायची, प्रत्येक वेळी वरून मूठभर भुसा. वास राहत नाही. गावात चुलीची राख मिळते, तीही चालते. एक जुनी जाड चादर आणि चार खिळे ठेवा, कोपरा आडोशाला येतो. पॅड प्लास्टिकमध्ये दुहेरी बांधून ठेवा, नाहीतर आपल्या हवेत ते नुसते ठेवूनही दमट होतात.

घाटवाट | २५ मे, सायंकाळी ६:१०

यात एक ब्लेड आणि करकचून बांधायला नाडी ठेवा. पुरात साप वर चढतात. आमच्याकडे लांज्यात पाण्याच्या दिवसांत फुरसं घरात निघालेलं आहे.

सुरंगी | २५ मे, रात्री ८:४५

घाटवाट, साप वर चढतात हे खरं, पण ब्लेड आणि नाडी दोन्ही काढून टाका, मी हात जोडून सांगते. चिरा दिल्याने विष बाहेर येत नाही. फुरसं आणि घोणस यांच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, त्यात चिरा दिलात तर रक्त थांबणार नाही. करकचून बांधलं तर हात-पाय कायमचा निकामी होऊ शकतो, आणि दवाखान्यात ती गाठ सोडल्यावर विष एकदम अंगात पसरतं ते वेगळंच. अंगठ्या, बांगड्या, पैंजण लगेच काढा, कारण सूज येते. दंश झालेला भाग फळीला किंवा जाड पुठ्ठ्याला सैलसर बांधून हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, धीर द्या, आणि प्रतिसर्पविष असलेल्या दवाखान्यात न्या. आपल्याकडे मिळणारं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं, तेव्हा साप मारून आणायची गरज नाही. त्यात दुसऱ्याला दंश झालेला मी पाहिलाय.

त्यापेक्षा पिशवीत एक काम करा. जवळच्या कोणत्या दवाखान्यात हे इंजेक्शन असतं, ते आत्ताच विचारून कागदावर लिहून ठेवा.

घाटवाट | २५ मे, रात्री ९:०२

समजलं. आमच्याकडे वडीलधारे तसंच करायचे म्हणून लिहिलं होतं. मूळ प्रतिसाद तसाच राहू देतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्याला तुमचं उत्तरही दिसेल.

दर्यावर्दी | २६ मे, पहाटे ५:३०

आमची कामाची जागा म्हणजे बोट, हर्णै बंदर. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आलं तेव्हा माझे वडील समुद्रावर होते. त्यानंतर आमच्या बोटीवर पिशवी कधीच रिकामी नसते. तुमच्या ऑफिसला उपयोगी पडेल तेवढंच सांगतो.

शिट्टी ठेवा. एक नाही, माणशी एक. ओरडून घसा तासाभरात बसतो, शिट्टी रात्रभर वाजवता येते. वारा आणि पाऊस असला तरी शिट्टीचा आवाज लांबवर जातो. आत मटाराएवढी गोळी नसलेली शिट्टी घ्या, गोळीची ओली झाली की वाजत नाही.

सामान आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड पिळून, दुमडून, रबराने बांधायचं. मग ती सॅकमध्ये. सॅक वॉटरप्रूफ असं दुकानदार सांगतो, पण शिवणीतून पाणी येतंच. सेल टॉर्चच्या बाहेर, वेगळ्या डबीत. मेणबत्ती नको. दमलेल्या माणसांच्या खोलीत पेटती मेणबत्ती आणि कागदांच्या फायली, हे फार वाईट. डोक्याला बांधायची टॉर्च मिळाली तर उत्तम, हात मोकळे राहतात.

आता तुम्ही खाडीच्या गावातल्या आहात म्हणून. पाणी कधी उतरेल हे भरतीवर असतं. वरून नदीला पूर आणि खालून उधाणाची भरती, म्हणजे पाण्याला जायला वाट नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दोन्ही वेळा, दिवसा आणि रात्री. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. वेळ पंधरा-वीस मिनिटं, कधी जास्तही मागेपुढे होते, पण अंदाज येतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. म्हणून पिशवीत चालू वर्षाची दिनदर्शिका ठेवा. रात्री दहाला कोणी म्हणालं की पाणी थोडं उतरलंय, चला निघू, तर तिथी बघा. भरती अजून यायची असेल तर वरच बसा.

समुद्रावर कोणी अडकलं असेल तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४. जमिनीवर ११२, आणि जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७.

अर्जुनाकाठ | २६ मे, सकाळी ७:१५

दादा, पाऊणपटीचं गणित माझे आजोबा करायचे, मी विसरूनच गेले होते. आमच्या त्या रात्रीची तिथी आत्ता जुन्या दिनदर्शिकेत पाहिली. कृष्ण चतुर्दशी. म्हणजे साडेदहाला भरती होती, आणि आमच्यातले दोघे बरोबर दहा वाजता कंबरभर पाण्यातून निघायचं म्हणत होते. आम्ही बायकांनी अडवलं म्हणून थांबले.

बी_शिफ्ट | २६ मे, रात्री ११:५०

लोटे-परशुराम एमआयडीसीत एका रासायनिक कारखान्यात आहे. कारखान्यांसाठी दोन गोष्टी वेगळ्या आहेत म्हणून लिहितो, कारण आपल्यातले बरेचजण अशा ठिकाणी असतील.

एक, कायद्याची प्रथमोपचार पेटी आणि ही पिशवी एक करू नका. फॅक्टरी अ‍ॅक्ट १९४८ च्या कलम ४५ मध्ये (नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवी कामगार संहिता आली) असं होतं: दर १५० कामगारांमागे निदान एक पेटी, कामाच्या सगळ्या वेळात हाताशी, आणि ती प्रथमोपचार शिकलेल्या जबाबदार माणसाच्या ताब्यात. त्याच कलमात असंही होतं की ठरवून दिलेल्या वस्तूंशिवाय दुसरं काही त्या पेटीत ठेवायचं नाही. म्हणजे बिस्किटं, टॉर्च, किल्ल्या त्यात नकोत. पिशवी वेगळी हवी.

दोन, पुरासाठी पिशवी वर टांगतात, वायुगळतीसाठी ती दाराशी लागते. आमच्याकडे म्हणून दोन आहेत. गळती झाली की पिशवी आणायला कोणी आत जायचं नाही. बाहेर पडताना दाराशी हाताला लागली तर घ्यायची, नाहीतर सोडायची. वारा कुठून वाहतोय ते वातकुक्कुटावर नाहीतर कापडी नळीवर बघायचं आणि वाऱ्याला आडवं जायचं. वाऱ्याच्या दिशेने पळालात तर ढग तुमच्याबरोबरच येतो. क्लोरीन हवेपेक्षा जड, तो खड्ड्यात, तळघरात, गटारात साचतो, तिथे लपू नका. मिरकरवाड्यासारख्या बंदरांच्या आसपास बर्फाचे कारखाने आहेत, तिथे अमोनिया असतो. तो पाण्यात विरघळतो म्हणून ओला रुमाल नाकावर धरून बाहेर पडता येतं, पण रुमाल म्हणजे मास्क नव्हे, तो धरून आत थांबता येत नाही.

आमच्या दाराच्या पिशवीत फार काही नाही. डोळे धुवायला शुद्ध पाण्याच्या बाटल्या, कामावर कोण आलंय त्याची यादी, टॉर्च, शिट्टी. यादी सगळ्यात महत्त्वाची. बाहेर जमल्यावर हजेरी घेता आली पाहिजे. एक माणूस मोजणीत चुकला आणि त्याला शोधायला दोघे परत आत गेले, असं आमच्याकडे एकदा झालंय. तो माणूस आधीच घरी गेलेला होता. दोघे बाहेर आले, पण एकाला आठवडाभर दवाखान्यात राहावं लागलं.

मालवणी_गजाल | २७ मे, सकाळी ९:३०

आमच्या देवगडाक तौक्ते वादळ इला तेव्हा लय दिवस लाईट नाय होती. पॉवर बँक असान उपेग काय, ती आधीच उतारलेली. दर म्हयन्याक चार्ज करूक व्हयी, माणूस ठरवून देवचो. आणि खावचा सांगतंय: चॉकलेट नको, मे म्हयन्यात पाणी जाता तेचा. आंबापोळी, फणसपोळी ठेवा. वर्सभर टिकता, पोटाक आधार, आणि साखर पण मिळता. पातळ पोहे आणि गूळ पण बरो, चूल लागणा नाय, पाण्यात भिजवलास की झाला. खारे दाणे, फरसाण नको, तान लागता आणि पाणी तर मोजकाच.

शाळेची_घंटा | २७ मे, दुपारी ४:४०

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, पटसंख्या २३. पिशवी माझ्या वर्गात आहे, पण तुमच्या चर्चेतून लक्षात आलं की ती कुठे आहे हे फक्त मला माहीत आहे. मी रजेवर असले तर? आज स्वयंपाकाच्या ताईंना आणि चौथीच्या दोन मुलींना दाखवून ठेवली.

काजूगर यांनी सामान गायब होण्याचं लिहिलं होतं. आम्ही सॅकच्या चेनला विजेच्या वायरी बांधतात तो प्लास्टिकचा पट्टा लावतो. कात्रीने कापला की सुटतो, कुलपासारखी किल्ली लागत नाही. पण तुटलेला दिसला की कोणीतरी उघडली हे कळतं आणि त्याच दिवशी तपासून भरता येते. वर्षातून दोनदा उघडतो, मृगाच्या आधी आणि नारळी पौर्णिमेनंतर. मुलं यादी वाचतात, मी वस्तू काढते. जवळ आलेल्या मुदतीची बिस्किटं त्या दिवशी मुलांनाच मिळतात, त्यामुळे तारीख विसरायला तीच देत नाहीत.

मुलांच्या घरचे नंबर कागदावर पेनाने नाही, पेन्सिलीने लिहा. शाई ओल्या हवेत फुटते.

काजूगर | २७ मे, सायंकाळी ५:१५

प्लास्टिकच्या पट्ट्याचं उत्तम. आमच्या कचेरीत सोमवारी हे मांडतो. सार्वजनिक पिशवी टिकत नाही हे माझं मत मी मागे घेतो, पट्टा आणि तारीख असेल तर टिकेल.

अर्जुनाकाठ | ६ जून, रात्री ९:२०

सगळ्यांचे आभार. काम बहुतेक झालं, हिशेब देते.

अडीच हजारांत सॅक, डोक्याला बांधायच्या दोन टॉर्च, सेल वेगळ्या डबीत, आठ शिट्ट्या, झाकणाची बादली, काळ्या पिशव्या, पॅड, ओआरएस, पॅरासिटामॉल, पट्ट्या, कापूस, एक पॉवर बँक बसली. भुसा सुताराने फुकट दिला, कशाला हवा ते सांगितल्यावर दोन किलोऐवजी पाच किलो भरून दिला. गमबुटांना पैसे पुरले नाहीत, तीन जोड्या आम्ही वर्गणी काढून घेतल्या. पाणी सॅकमध्ये नाही, वीस लिटरचे दोन बंद जार रेकॉर्डच्या खोलीत वेगळे ठेवलेत. आठ माणसांना दीड दिवसासाठी माणशी पाच लिटर होतं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जुना जार चहाला वापरायचा आणि नवीन ठेवायचा.

आंबापोळी माझ्या सासूबाईंनी दिली. इन्शुलिनवाल्या ताईंनी साखरेची बरणी स्वतः भरून आणली. झाकणावर लाल रंगाने "साखर" असं लिहिलंय, आणि खाली "मला घाम आला तर" असं. ते वाचून मी क्षणभर काही बोलूच शकले नाही.

प्रत्येकाने आपलं एक पाकीट दिलंय: दोन दिवसांच्या गोळ्या, गोळ्यांची नावं, घरचे दोन नंबर, आधारची झेरॉक्स, तीनशे रुपये सुटे. पाकिटं चिकटवून बंद केलीत, दुसऱ्याने उघडायची नाहीत. फक्त माणूस बेशुद्ध असेल तर उघडायची, असं ठरलं.

सगळ्यात कठीण गोष्ट पिशवीत मावत नाही. ती म्हणजे कधी निघायचं. साहेबांशी बोलून आम्ही लिहून घेतलं: खालच्या मेडिकलवाल्यांनी माल वर चढवायला घेतला की काम जिथे असेल तिथे थांबवायचं, लांबच्या गावचे आधी निघणार. हिशेब दुसऱ्या दिवशी होईल. कागदावर सही आहे आणि तो कागद पिशवीच्या वरच्या कप्प्यात आहे.

गच्चीची जोडकिल्ली आज मालकांकडून मिळाली, दोनदा जावं लागलं.

वाशिष्ठी_तीर | ६ जून, रात्री १०:०५

ताई, किल्ली मिळाली म्हणून थांबू नका. उद्या वर जाऊन कुलपात फिरवून बघा. आमचं कुलूप वर्षानुवर्षं उघडलेलंच नव्हतं, किल्ली असती तरी फिरली नसती. गंज असेल तर शिलाई मशीनचं तेल घाला. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं.

अर्जुनाकाठ | ७ जून, दुपारी १:१०

गेले होते. फिरली नाही. तेल घातलंय, संध्याकाळी परत बघते.